मला वाचायला दिलेलं भाषण

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे थोरले काका. व्यासपीठावरचे माझे धाकटे बंधू आणि त्यांचे वकीलसाहेब. गोदामातले हमाल, चालक, कारकून आणि माझ्या निवृत्तीसाठी वेळात वेळ काढून आलेले पाहुणे,

एरवी मी कागदाशिवाय बोलते. आज लिहून आणावं लागलं, कारण परवा बंधूंनी मला टाइप केलेलं भाषण पाठवलं आणि हेच वाच म्हणून बजावलं. ते मी वाचणार नाही.

सत्काराबद्दल आभार. एकतीस वर्षं या गोदामाची आवक-जावक मी पाहिली. माझ्या माघारी तुम्ही मला 'भोंगा' म्हणता, हे पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. भोंगा आला की बिड्या विझायच्या. मला तेवढं पुरे होतं.

आपल्या घराण्याचा धंदा या सभागृहात कोणाला समजावून सांगायला हवा का? पुढच्या तीन खोल्यांत धान्य, चौथीत नकली औषधं. मला माहीत होतं. मी काही सोवळी नाही. पण चौथी खोली कोण चालवतं, याबाबत मला फसवलं गेलं.

नऊ वर्षांपूर्वी इथेच माझ्या यजमानांचा निरोप समारंभ झाला. असाच पुष्पगुच्छ, असेच पाहुणे. त्यांनी वाचलं, "चौथ्या खोलीतले सगळे निर्णय माझ्या एकट्याचे होते." आठवड्याच्या आत पोलीस आले. साक्षीदार शोधावे लागले नाहीत, सभागृह भरलेलं होतं. बंधू माझ्याजवळ बसून रडले. म्हणाले, भाऊजींनी घराच्या तोंडाला काळं फासलं, ताई, तू त्यांचं तोंड पाहू नकोस. आईच्या माघारी मी वाढवलेला भाऊ. त्याचा शब्द खोटा कसा मानायचा? मी तुरुंगात एकदाही गेले नाही. तिसऱ्या वर्षी यजमान तिथेच वारले.

परवाच्या कागदात तेच वाक्य आहे. जुन्याच मजकुरात कोणीतरी तारखा बदलल्या. एक ओळ तेवढी बदलायची राहिली: "माझ्या पत्नीला यातलं काही ठाऊक नाही, तिला त्रास देऊ नये."

हसा, मीही हसले. मग बसून राहिले. नऊ वर्षांपूर्वी ही ओळ ऐकून मला वाटलं होतं, काय हा साळसूदपणा. आता कळतं, बाकीचं सगळं बंधूंनी लिहिलं होतं. एवढी ओळ यजमानांची, आणि तिच्या मोबदल्यात त्यांनी बाकीचं वाचलं.

मी बंधूंना विचारलं, ही माझी पत्नी कोण? टाइप करणाऱ्याची चूक, म्हणाले. मी ओळीवर बोट ठेवलं, तेव्हा खाली बघत म्हणाले, "ताई, तुझं वय झालंय, तुला फार दिवस आत ठेवणार नाहीत. माझी पोरं लहान आहेत."

पोरं लहान आहेत, खरं आहे. त्यांना बापाची चूक मोठेपणी दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आत्ता आत्याकडून कळलेली बरी.

काकांनी मध्येच थांबवलं नाही आणि माईक कोणी बंद केला नाही, याबद्दल आभारी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असल्यास पाहुण्यांनी क्षमा करावी. घरच्यांकडे ती मागत नाही.

आज सकाळी साडेदहाला तपास अधिकारी बाईंच्या हाती दिलेलं, पोच घेऊन:
दोन्ही भाषणं, बंधूंनी पाठवलेलं आणि हे.
माझा आठ पानी जबाब, माझ्या स्वतःच्या दोषांसह.
यजमानांनी तुरुंगातून मला लिहिलेली पत्रं, सोळा. सगळी काल दुपारी प्रथमच उघडली.
सतरावं दिलेलं नाही. ते माझं आहे.