फुगवलेले नवरदेव

— नाही जी काका, मॉनिटर नाही बिघडला तुमचा, वापस कायले करता! पडदा रुंद हाये, सोळास नऊचा, अन् सेटिंग कोणंतरी जुन्या चौकोनी पडद्याचं ठेवलं, एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट — मंग काय होईन? चित्र ताणून भरते थो, माणसं फुगतात. हे पाहा, एकोणीसशे वीस बाय एक हजार ऐंशी दाबलं — झाल्या ना फोटोतल्या काकू बारीक? हासू नका, याच सेटिंगवर मी तीन नवरदेव वापस पाठवले!

खरंच! मले तवा लग्नच नव्हतं करायचं. कॉम्प्युटर रिपेरिंगचा कोर्स नुकताच झाला होता, वाशीमात सोताचं दुकान टाकायचं होतं — अन् मायी माय, प्रयागबाई, दर हप्त्याले एक स्थळ आणे. मोबाईलवर तिले दिसे नाही. म्हणे, "वैभवी, पोट्टा मोठ्या पडद्यावर दाखव." दाखवला! आधी सेटिंग बदललं, मंग दाखवला. माय म्हणे, "बाई व, हे तं सोयाबीनचं पोतं!" — बाद. दुसरा बाद, तिसरा बाद. पाप? हाव, लागलं असन. चांगले होते जी बिचारे.

चौथा हरीओम, जऊळक्याचा. पुतणीच्या बारशात जेवतानाचा व्हिडिओ आला त्याचा. फुगवला, नकार गेला. तवा मी दुसऱ्याच्या दुकानात कामाले होती — आठ दिवसांनी पाहतो तं काय, समोर काडीसारखा माणूस उभा! म्हणे, "मले जाडा म्हणून नाकारलं. गावात मले शेवगा म्हणतात. तुमच्या मायले जे दाखवलं थेच मले दाखवा." मंग थो व्हिडिओ पडद्यावर लावला, तसाच ताणलेला. त्यानं सोताकडं पाह्यलंच नाही — पडद्यावर बोट ठेवलं. "माणूस जेवून जाडा होते, मानलं. पण हे ताट काहून लंबगोल झालं?"

कान गरम झाले जी! सांगून टाकलं खरं — आधीचे तिघं बी असेच फुगवले, दुकान पायजे, लग्न नको. वाटलं, रागावन. थो हासला, पण म्हणे, "मंग सरळ सांगाचं ना. त्या तिघायनं काय बिघडवलं होतं तुमचं?" लागलं मले थे. मंग म्हणे, "दुकान कुठं टाकता?" — अन् दोन महिने जागा पाहत फिरला माह्यासंगं. हेच थे दुकान. फिरता फिरता मलेच आवडला — काय करता!

आता मायले काय सांगावं? म्हटलं, "माय, तवा मॉनिटर बिघडला होता, पोट्टा बारीक हाये." थे पोळी लाटता लाटता म्हणे, "मालूम हाये. चौघायले बी मी त्यायच्या गावी जाऊन, गुपचूप दुरून पाहून आली होती." मी इचारलं, मंग नाही कायले म्हटलं? — "तुले नको होतं. एवढं समजाले मले मोठा पडदा लागत नाही."

रडली मी. हाव, रडली — पण हरीओमले हे सांगतलंच नाही आजपर्यंत! त्याले वाटते, सासूनं मॉनिटरची गोष्ट खरी मानली, पोट दिसलं तं थे खोटी ठरन. म्हणून थो अजून तिच्यासमोर पोट आत ओढून बसते — सहा वर्षं झाली, आता तं खरंच सुटलं पोट — श्वास रोखून चहा पेते बिचारा! सांगून टाकू म्हणता? कायले सांगू, इतकी मजा —

अरे, आला थो! काका, चूप — काही इचारू नका, हासू तं बिलकुल नका — उचला मॉनिटर अन् निंगा!