पसंतीचा साक्षीदार

आस्लौग : थांबा. आत फक्त बाई येतील. तुम्ही या बाकावर बसा.

तोर्लाइफ : मी नवरा आहे तिचा.

आस्लौग : ते मघाशी गाडीपाशीच कळलं. कस्टममध्ये बाईंची झडती बाई अधिकारीच घेते, बंद खोलीत. नवरा असो, सासरा असो, नॉर्वेचा राजा असो, कुणाला आत सोडत नाही.

तोर्लाइफ : पण नियमात साक्षीदार लिहिलाय. हा बघा कागद. झडतीच्या वेळी साक्षीदार ठेवता येतो.

सोल्फ्रीड : हा कागद कुठला?

तोर्लाइफ : घरून छापून आणलाय.

सोल्फ्रीड : घरून? आपण तर स्वीडनला स्वस्तातलं डुकराचं मांस, बेकन आणायला निघालो होतो.

तोर्लाइफ : माणसानं तयारीत असावं.

आस्लौग : पुढचे शब्द वाचा की. ‘प्रवाशाच्या पसंतीचा.’ बोला बाई, हे साक्षीदार चालतील?

सोल्फ्रीड : नाही.

तोर्लाइफ : सोल्फ्रीड.

सोल्फ्रीड : नाही म्हटलं ना. आणि अधिकारीणबाई, सव्वीस वर्षं दर शनिवारी या नाक्यावरून येतेय मी. आजच का थांबवलंत?

आस्लौग : कारण विचारायचा हक्क आहे तुम्हाला. एका माणसाचा फोन आला. हिरवी गाडी, लाल स्कार्फवाली बाई, मांडीवर निळ्या दोऱ्यानं बांधलेली खाकी पिशवी. पिशवीत बघाच, म्हणाला. नाव काही सांगितलं नाही.

सोल्फ्रीड : पिशवी मी मांडीवर घेतली ती पेट्रोलपंपाच्या जरा आधी. आणि पंपावर हा वीस मिनिटं संडासात होता.

तोर्लाइफ : पोट बिघडलं होतं.

सोल्फ्रीड : फोन घेऊन गेला होतास.

(दोघी आत जातात, दार लागतं. आतून आधी कुजबुज, मग दोघींचं हसणं. दार उघडतं.)

तोर्लाइफ : काय निघालं?

आस्लौग : बेकायदा काही नाही.

तोर्लाइफ : तसं नव्हे. पिशवीत काय होतं?

आस्लौग : ते मला सांगता येत नाही. झडतीत जे दिसतं ते माझ्यापाशीच राहतं.

तोर्लाइफ : तुम्ही हसत होतात. चाळीस वर्षं संसार केला, आणि बायकोच्या पिशवीत काय आहे ते सरकारला माहीत, मला नाही. तुम्ही सीमेपलीकडचा हिल्डिंग खाटीक पाहिलाय का? मला मांस देतो ते कुत्र्यापुढं टाकल्यासारखं. ही पुढं आली की हात धुतो, भांग सारखा करतो. मागल्या महिन्यात तर हिच्यासाठी बेकन इतकं पातळ कापलं की त्याच्या आरपार त्याचे हसणारे दात मोजता येत होते. सोन्याचे दोन आहेत. आज ही त्याच्या मागच्या खोलीत गेली ती रिकाम्या हातानं, आली ती पिशवी घेऊन.

सोल्फ्रीड : मग मला विचारायचं होतंस.

तोर्लाइफ : आणि तू थाप मारली असतीस तर? कस्टमपुढं थाप चालत नाही.

आस्लौग : काका, असा फोन आला की आम्ही अख्खी गाडी तपासतो. माझ्या सहकाऱ्याला स्टेपनीखाली एकवीस किलो बेकन सापडलंय. माणशी दहा किलो मांस चालतं, आणि तुमचं दोघांचं वीस किलो मागच्या सीटवर आधीच आहे.

सोल्फ्रीड : एकवीस किलो?

तोर्लाइफ : नाताळ तोंडावर आलाय.

आस्लौग : मे महिना चाललाय. ते बेकन इथंच राहील. बाई, तुम्हाला विनाकारण त्रास झाला. तक्रार करायची असेल तर अर्ज देते.

सोल्फ्रीड : द्या. फोन करणाऱ्याविरुद्ध करता येते का?

आस्लौग : ती घरीच करावी लागेल.

तोर्लाइफ : बेकन ठेवा. पाहिजे तर गाडीही ठेवा. सोल्फ्रीड, मी विचारतोय. आता विचारतोय. काय आहे त्यात?

सोल्फ्रीड : स्वेटर. हिल्डिंगसाठी विणला होता.

तोर्लाइफ : त्याच्यासाठी.

सोल्फ्रीड : त्यानं मागितला म्हणून. तुला सात विणले. पाचव्यापासून तू घालून आरशापुढंसुद्धा उभा राहिला नाहीस. तो म्हणाला, बायको गेल्यापासून मला कुणी विणलेलं नाही. हिवाळाभर विणत होते, तू बातम्या बघत असायचास तेव्हा, तुझ्या शेजारी बसून. मागल्या शनिवारी त्याच्याकडे ठेवून आले होते, आज त्यानं घालून पाहिला.

तोर्लाइफ : मग परत का दिला?

सोल्फ्रीड : बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या. पोटाशी मात्र दोन हिल्डिंग मावतील. आत यांना तेच धरून दाखवत होते.

तोर्लाइफ : एवढी वर्षं विणतेस. माप कसं चुकलं?

सोल्फ्रीड : माप घेतलंच नव्हतं रे. सुया हातात आल्या की बोटं तुझंच माप धरतात.