आयुधपूजेनंतर बंद पडलेलं मशीन

आमचे थोरले बंधू अण्णा तेव्हा एका क्लबाचं मैदान सांभाळायचे. तिथलं बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आयुधपूजेनंतर सुरूच होईना, आणि मॅच तर उद्यावर आलेली. मी शिवाजीनगरच्या वर्कशॉपातून धावत गेलो, प्लग पुसला, पेट्रोल बदललं. इंजिन नुसतं खोकायचं.

“अण्णा, पूजा तरी नीट केली होती ना?” मी वैतागून विचारलं.

“म्हणजे काय! चाकाखालचं लिंबू चिरडून जातं, म्हणून यंदा एक आत जपून ठेवलंय.”

“आत कुठं?”

“धुराच्या नळीत. तिथं कुणाचा हात लागत नाही.”

मी पकडीनं लिंबू ओढून काढलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

अण्णांनी ते काजळीनं काळंठिक्कर पडलेलं लिंबू हातात घेऊन निरखलं.

“बघ,” ते म्हणाले, “केवढी दृष्ट लागली होती!”