माईकवरचा माणूस माझा नव्हता

माझं माहेर लासलगावच्या अलीकडं, सासर पिंपळगाव बसवंतला, म्हणजे सगळा जन्म कांद्यातच गेला, अजूनबी खळ्यावर कांदा निवडते, म्हणून डोळ्यातनं पाणी काढायचं मला कोणी शिकवू नये. हे टेम्पो चालवायचे, मागच्या थंडीत छातीत कळ आली न् बसल्या जागी गेले. काय सांगू तुम्हाला, बाया यायच्या, गळ्यात पडून हंबरडा फोडायच्या, न् चहा आला की गप, सुनेच्या बाळंतपणाच्या गप्पा सुरू. लय किळस यायची.

दहाव्याला नदीवर माईक. आमच्याकडं दशक्रियेला भाषणं लागतात, मयताला कधी पाह्यलेलं नसलं तरी पुढारी उठतोच. एक म्हणे फार मनमिळाऊ, दुसरा म्हणे कधी आवाज चढवला नाय, न् ज्यांच्याशी ह्यांची भांडणं ते सगळे माना हलवतायत. मी म्हणते, अरे मेलं कोण? माझा नवरा भांडखोर होता, मीठ कमी पडलं तर ताट फेकायचा. माणूस तर गेलाच होता, आता ह्या लबाडांनी त्याची आठवणबी बदलून टाकली तर मला काय राहिलं असतं?

उठले न् माईक घेतला. दीर म्हणतोय, वहिनी, बसा खाली, लोक बघतात. बघू दे. मी म्हणले, हे तुम्ही कोणाचं सांगताय? हे शिव्या द्यायचे, पण माझा हात मोडला तवा दीड महिना माझी वेणी त्यांनी घातली, रोज वाकडी, न् रोज मलाच शिव्या, की तुझे केसच खराब हाय.

सगळे खाली बघायला लागले. मागं एक टेम्पोवाला होता, ह्यांच्याशी चार वर्षं बोलत नव्हता, तो फस्सकन हसला, न् हसता हसता रडायलाच लागला. दहा दिवसांत तेवढंच एक खरं रडणं पाह्यलं मी.

दीर म्हणतो, नाक कापलं. कापू दे, त्या नाकानं काय उजेड पाडला? तुम्ही हे लिहून घेताय तर लिहा, पण ह्यांना चांगलं करून लिहू नका. आता संध्याकाळी भाजी चाखते, न् मीठ कमी पडलं की म्हणते, फेका ताट. कोणी फेकत नाय. मग तशीच आळणी खाते.