दहावा गोल

डेल्फिना : खांबावरचा प्रचाराचा फलक राहू दे, त्याला शिडी लागेल. आधी भिंतीवरचे काढ. आणि फाडू नकोस रे, चांगलं जाड कापड आहे. डुकरांच्या गोठ्यावर घालता येईल.

सान्तो : माझं तोंड डुकरांच्या डोक्यावर?

डेल्फिना : नगरपालिकेत नाही बसता आलं, तिथे तरी बस.

एपिफानिया : हळू बोल गं. लोक ऐकतात.

डेल्फिना : ऐकू देत की, आई. काल अख्ख्या शहराने बघितलं. दहाव्या जागेला याची आणि बर्गान्योची मतं सारखी, मग म्हणे नाणं उडवा. महिनाभर दारोदार फिरलो आम्ही, आणि नगरसेवक ठरला कशावर? एका पेसोच्या नाण्यावर.

सान्तो : कायदाच आहे तसा. आता त्याचं काय.

डेल्फिना : कायदा राहू दे. पण नाणं उडवायची पाळी कुणी आणली? एक मत हवं होतं आपल्याला. एकच. आणि ते कुणी खाल्लं, हे वस्तीतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

एपिफानिया : कुणाला काही माहीत नाही.

डेल्फिना : नार्दोने. दुसऱ्या कुणी? मतदानाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या बहिणीने त्याला बर्गान्योच्या अंगणातून येताना पाहिलं. खांद्यावर तांदळाची गोणी.

एपिफानिया : गोणी निम्म्या वस्तीने आणली. तुझ्या बहिणीनेही आणली.

डेल्फिना : तिचं वेगळं. ती काही सान्तोची रिक्षा चालवून पोट भरत नाही.

सान्तो : तोही नाही चालवत आता. सकाळी किल्ली काढून घेतली मी.

एपिफानिया : काय केलंस?

सान्तो : काढून घेतली किल्ली. त्याच्या बायकोसमोरच. नंतर वाटलं, तिच्यासमोर नको होती.

एपिफानिया : तो काय म्हणाला?

सान्तो : रिक्षा पुसत होता, फडकं खांद्यावर टाकलं आणि किल्ली हातात दिली. मग म्हणाला, 'सान्तो, आपण एका ताटात जेवलोय रे.' मी म्हटलं, तेच तर दुखतंय.

एपिफानिया : जा, परत दे त्याला.

डेल्फिना : वा! का म्हणून?

एपिफानिया : म्हाताऱ्या इसिंगला मतदानाला शाळेच्या वरच्या मजल्यावर कुणी नेलं? खुर्चीसकट उचलून? तिचे पाय लोंबत होते आणि ती ओरडत होती, 'मला पाडशील मेल्या'. नार्दोच होता ना?

डेल्फिना : चार लोकांत मिरवायला मिळालं, उचललं असेल. पडद्याआड पेन कुठे फिरलं ते देवाला ठाऊक.

एपिफानिया : मलाही ठाऊक आहे. तो माझ्या पुढेच होता. यंत्रात मताचा कागद घालायच्या आधी त्याने तो उघडून मला दाखवला. दाखवायचा नसतो. केंद्रावरच्या बाई ओरडल्या त्याच्यावर. सान्तो, तुझ्या नावापुढचा गोल इतका गच्च रंगवला होता, की मला वाटलं कागद फाटतो आता. मला डोळा मारला त्याने.

सान्तो : मग काल रात्री आम्ही सगळे त्याला शिव्या घालत होतो, तेव्हा का नाही बोललीस? तू तिथेच होतीस. पेज वाढत होतीस.

एपिफानिया : वाढत होते.

सान्तो : आई?

एपिफानिया : मी ते बोलले असते तर तुम्ही पुढचं विचारलं असतं. नार्दो नाही, तर मग कोण.

डेल्फिना : मग कोण?

एपिफानिया : दहा जागांचे दहा गोल रंगवायचे होते. मी नऊ रंगवले.

(सान्तोच्या हातातला फलक अर्धा सुटून भिंतीवर लोंबतो.)

डेल्फिना : चुकून राहिला असेल. आई, चष्मा नव्हता का तुमच्या डोळ्यांवर?

एपिफानिया : होता.

डेल्फिना : तुम्ही माझ्याबरोबर फिरलात. त्या मासळीवाल्यांच्या गल्लीत तुम्हीच त्यांना सांगत होतात, माझ्या मुलाला मत द्या. मी कडेवर पोर घेऊन चिखल तुडवत होते, आणि तुम्ही...

सान्तो : डेल्फिना, थांब जरा.

डेल्फिना : मी का थांबू? दुसरी कुणी असती तर तिच्या दारात जाऊन उभी राहिले असते मी.

एपिफानिया : बोलू दे तिला. खरंच आहे ते.

सान्तो : बाबांमुळे?

एपिफानिया : हं.

सान्तो : त्याला किती वर्षं झाली, आई. दिवस बदललेत.

एपिफानिया : नदी तीच आहे. वाळू काढणारे तेच आहेत. तूही भाषणात तेच बोलत होतास, वाळूउपसा थांबवू. शब्दसुद्धा तुझ्या बापाचेच. तू लहान होतास, तुला आठवत नसतील. मी मागे उभी राहून ऐकत होते.

सान्तो : मला सांगायचं होतंस. उभा राहू नको म्हणायचं.

एपिफानिया : तू ऐकलं असतंस?

सान्तो : नसतं ऐकलं.

एपिफानिया : तुझा बाप बर्फ आणायला गेला होता. तुझ्या बहिणीचा वाढदिवस होता, सरबत करायचं होतं. यायला उशीर झाला, तर मी इथे चुलीपाशी त्याला शिव्या घालत बसले. नगरसेवक झाल्यापासून याला घर आठवत नाही, बसला असेल गप्पा छाटत. आणि तो तिथे बर्फाच्या कारखान्यासमोर रस्त्यावर पडला होता. मोटरसायकलवरून आले, गोळ्या घातल्या, गेले. बर्फ वितळून गेला होता म्हणे. माझ्या तोंडात तेव्हा शिव्या होत्या.

डेल्फिना : आई, बसा इथे. या पायरीवर बसा.

एपिफानिया : त्या दिवशी शाळेत मी आधी नऊ गोल रंगवले. तुझा शेवटी रंगवू म्हटलं, सावकाश, नीट. पेन टेकवलं, पण हात काही पुढे जाईना. मागे रांग होती. मला वाटलं, एका म्हातारीच्या मताने काय होतंय? एवढं मोठं शहर आहे. तो निवडून येणारच असेल तर येईल, पण माझ्या हाताने नको. कागद पाकिटात झाकला आणि निघाले. पुढे नार्दो त्याचा उघडून दाखवतोय, आणि मी माझा पदराखाली धरल्यासारखा छातीशी धरलाय.

सान्तो : काल नाणं पडल्यावर तू रडलीस. सगळे तुझ्याभोवती जमले. इसिंगसुद्धा तुझा हात धरून रडत होती.

एपिफानिया : तेच सांगायचंय तुला. मत राहू दे, ते भीतीने झालं. पण काल ते नाणं वर गेलं ना, तेव्हा सगळे तुझ्यासाठी प्रार्थना करत होते. मी बर्गान्योसाठी केली. आणि ते त्याच्या बाजूने पडलं. मी रडले ते सुटले म्हणून. आणि तुझी माणसं माझे डोळे पुसत होती.

सान्तो : (लोंबणारा फलक ओढून काढतो आणि घडी घालू लागतो.)

एपिफानिया : शिवी दे, पण बोल काहीतरी.

सान्तो : काय बोलू? ज्यांनी मला मतं दिली त्यांना काय सांगू, तेवढं सांग. इसिंगचं घर दर पुरात अर्धं नदीत जातं. ती खुर्चीवर बसून जिना चढली.

एपिफानिया : मी सांगेन तिला.

सान्तो : नको. तिला नको सांगूस.

डेल्फिना : नार्दोला तरी सांगायला हवं ना? त्याच्या बायकोने दार लावून घेतलंय सकाळपासून. मीच काल नळावर सगळ्यांसमोर बोलले तिला. मलाही जायला हवं.

एपिफानिया : मीही येते. मी त्याच्या तोंडावर सांगते.

सान्तो : आधी मी जातो. किल्ली मी घेतली होती.

एपिफानिया : त्याला खरं सांग. तुला लाज वाटते म्हणून माझ्यावर पांघरूण घालू नकोस.

सान्तो : आई, पुढच्या वेळी मी परत उभा राहणार आहे. आजच सांगून ठेवतो.

एपिफानिया : वाटलंच होतं मला. मी येईन तुझ्याबरोबर दारोदार. तुझ्या माणसांना पेज करून घालीन.

सान्तो : आणि मत?

एपिफानिया : हात धू तुझे, खळ लागलीय. त्याच्याकडे असा जाऊ नकोस.