सासूबाईंचे हजार गुण

...आणि चौथ्याच चालीला वजीर घालवला हो! घालवला म्हणजे काय, उचलला आणि समोरच्याच्या तोंडात नेऊन ठेवला! मी शेजारी ओठ चावत बसलोय, आणि बाई म्हणतात कशा, "अरे चुलुन, हा वजीर किती वेळ एका जागी बसेल? जरा पाय मोकळे करू दे त्याला!" तुम्हाला सांगतो, दुसरं कुणी असतं ना, तर फोन हिसकावून घेतला असता. पण सासू आहे हो... सासूला काय बोलणार!

चूक माझीच. मी इथे मंगोलियात, उलानबातरच्या ट्रॉलीबसच्या कारखान्यात वायरमन. जेवणाच्या सुट्टीत फोनवर बुद्धिबळाचे दोन डाव टाकायचे, एवढंच आपलं सुख. नोव्हेंबरात खेळता खेळता काय दिसावं? मेव्हण्याचा फोटो! मिजिद! कोरियात, इंचॉनच्या कारखान्यात असतो. दोन वर्षं आईचा फोन उचलत नाही. का? तर त्या साली हिवाळा असा पडला, की शंभरातली सत्तर जनावरं उभ्या उभ्या गोठली. उरलेली तीस सासूबाईंनी, आमच्या दुलमाबाईंनी, त्याला न विचारता विकली आणि आल्या शहरात आमच्याकडे. तो तिकडे राबत होता तो कळप वाढवायलाच! "बाबांचा कळप विकलास!" म्हणाला, आणि फोन ठेवला तो ठेवलाच. मला तर त्याने सगळीकडून ब्लॉक केलंय. विकलेली जनावरं नेणारा ट्रक मी चालवला होता ना!

आणि मी मूर्ख, घरी येऊन जेवताना बोलून गेलो, "मिजिद इथे खेळतो बरं का." सासूबाईंनी चहाचा वाडगा खाली ठेवला. "मग मीपण खेळणार. शिकव."

आता ऐका. अनोळखी माणसाशी मिजिद खेळतो, पण त्याची अट आहे, समोरच्याचे हजाराच्या वर गुण पाहिजेत. आणि बाईंना घोडा कसा चालतो तेही ठाऊक नाही! नाही, घोडा ठाऊक आहे, जन्म घोड्यावर गेलाय, पण तो अडीच घरं का चालतो हे पटत नाही. "लंगडा आहे का?" म्हणाल्या. वर मुदत काय? पांढऱ्या महिन्याच्या सणापर्यंत, म्हणजे आमच्या नव्या वर्षापर्यंत. तीन महिने! मी बायकोकडे, उयांगाकडे बघितलं. ती म्हणाली, "तोंड तू उघडलंस, आता तूच निस्तर."

भलत्याच नावानं खातं उघडून दिलं. चारशे गुणांनी सुरुवात. आठवड्याभरात किती झाले असतील? एकशे सत्त्याऐंशी! इतकं खाली जाता येतं हे मलाच माहीत नव्हतं!

कारण ऐका ना. आमच्याकडे प्याद्याला पोर म्हणतात. बाई पोरं पुढे सोडीचनात! "थंडीत कुठे धाडू त्यांना?" आठही पोरं घरात, आणि मागे राजा गुदमरतोय! समोरच्याचा घोडा फुकट मिळतोय, मी नुसता खोकलो. घेईनात! "दुसऱ्याचा घोडा घ्यायचा? आमच्या घराण्यात असलं कुणी केलेलं नाही." अहो, मी काय घोडेचोर आहे का? पण सासू आहे हो... सासूला काय बोलणार! शेवटी मी गोड आवाजात म्हटलं, "आई, तो भटकलेला घोडा आहे. मालक येईपर्यंत आपण बांधून ठेवू." "मग तसं सांग की!" म्हणाल्या, आणि त्या दिवशी सहा घोडे बांधले!

पण गुण काही तीनशेच्या वर जाईनात. डावपेच समजावले, पुस्तक आणलं, रोज वीस कोडी घातली... काही नाही! आपण काय करतोय तेवढंच बघायच्या, समोरचा काय करतोय त्याचा पत्ताच नाही. माझी झोप उडाली, कारखान्यात दोन तारा उलट्या जोडल्या, साहेब ओरडला. एक दिवस माझा तोल गेलाच. म्हटलं, "आई, रानात जनावरं सोडताना तुम्ही आधी काय बघत होता?"

"लांडगा कुठनं येईल ते."

"मग इथे का बघत नाही?"

मला वाटलं, झालं, आता बायको मला घराबाहेर काढणार. बाईंनी चष्मा पुसला, पटाकडे नीट बघितलं, आणि पुटपुटल्या, "अगंबाई... हा उंट लांडगा आहे होय!"

त्यानंतर बाई सुटल्या! प्रत्येक चालीआधी मोठ्यानं, "लांडगा कुठंय? लांडगा कुठंय?" घरभर तेच! पाचशे, सातशे, नऊशे... सणाच्या आदल्या दिवशी दुपारी, आम्ही सगळे मोमोसारखे बूज वळत बसलोय, हात पिठाचे, आणि आतून आवाज, "चुलुन! एक हजार चार!"

लगेच मिजिदला आव्हान. त्याने घेतलं! दहा-दहा मिनिटांचा डाव. बाई छान खेळत होत्या हो! आणि तेराव्या चालीला थांबल्या. निरोपाची चौकट उघडली, आणि एका बोटाने लिहायला लागल्या. घड्याळ पळतंय! "आई, वेळ! आई, आधी चाल करा!" ऐकतंय कोण? चाळीस सेकंद उरले तेव्हा लिहून झालं. "मिजिद, जेवलास का? गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधतोस ना?" पाठवलं, आणि एक पोर पुढे सरकवलं.

आता त्याची पाळी. त्याच्याकडे साडेसहा मिनिटं. तो खेळेना. सहा... पाच... उयांगा पिठाच्या हातांनी दारात उभी. तीन... एक... शून्य. पडद्यावर आलं, तुम्ही जिंकलात.

आणि फोन वाजला.

पलीकडून नुसतं रडणं. सासूबाई काय म्हणाल्या असतील? "अरे, चाल का नाही केलीस? वेळ गेला ना तुझा!" मग हळूच म्हणाल्या, "चारा संपला होता रे. उरलेली तीसही डोळ्यांदेखत मेली असती. तुला सांगितलं असतं तर नोकरी टाकून आला असतास." मग तो म्हणाला, "आलोच असतो." मी मान फिरवली. पिठाचा हात डोळ्याला लागला होता, दुसरं काही नाही.

आता रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन येतो. तोच शिकवतो आता. काल मी तिथेच बसलो होतो, तर फोनमधून साफ ऐकू आलं, "आई, हे असलं खेळायला तुला शिकवलं कुणी?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. फोनवर हात ठेवला, तोही अर्धाच, आणि म्हणाल्या, "जावयानं. माणूस सोन्यासारखा आहे रे, फक्त बुद्धिबळ येत नाही बिचाऱ्याला."

मी उठलो. विचारलं, "आई, चहा टाकू?"