त्सोंका मावशींचा ठोका

त्सोंका : ...मग मी डाव्या कुशीवर वळेन. स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू अलगद टेकव. दाबलीस की घरघर गेलीच. आणि सांग, हृदयाची डावी झडप अरुंद, ठोका नियमित. अठरा वर्षं परीक्षेत हेच उत्तर आहे माझं.

कालिना : मावशी, सांगू नका ना. ग्रोझेव्ह सरांनी ऐकलं तर तिसऱ्यांदा नापास. मग आणखी एक वर्ष गेलं.

त्सोंका : प्लॉव्दिव शहरातले निम्मे डॉक्टर माझ्या छातीवर पास झालेत. तूच कशी राहिलीस?

कालिना : मागच्या वेळी एक आजोबा होते. आखूड, आखूड, लांब, असे ठोके. मी म्हटलं, ताल व्यवस्थित आहे.

त्सोंका : नव्हता?

कालिना : दर तिसरा ठोका चुकत होता. मला वाटलं, आमचा रुचेनित्सा नाचच चाललाय. सहा वर्षांची असल्यापासून नाचतेय मी त्या ठेक्यावर. एक-दोन, एक-दोन, एक-दोन-तीन.

त्सोंका : म्हाताऱ्याला बरं वाटलं असेल.

ग्रोझेव्ह : हसून झालं असेल तर सुरू करू. त्सोंकाबाईंना मी इतकी वर्षं ओळखतो की तपासायचीही गरज नाही. बोल, काय ऐकू येतंय?

कालिना : पहिला ठोका खणखणीत. दुसऱ्यानंतर टिचकीसारखा आवाज, मग खालच्या सुरात घरघर. डावी झडप अरुंद आहे.

ग्रोझेव्ह : बरोबर. ताल?

कालिना : थोडं थांबा सर.

ग्रोझेव्ह : चार मिनिटं झाली.

कालिना : नियमित नाही.

ग्रोझेव्ह : त्यांच्या केसच्या कागदावर नियमित आहे. पुन्हा नाचायला लागलीस का?

कालिना : याच्यावर नाचताच येणार नाही. आमचा ठेका कितीही वाकडा असला तरी फेरी पुरी झाली की पाय जागेवर येतो. इथे येतच नाही, सर. प्रत्येक ठोका आपल्या मर्जीने पडतोय.

त्सोंका : अगं, सांगितलं होतं ना तुला.

ग्रोझेव्ह : काय सांगितलं होतंत?

त्सोंका : काही नाही. चेरी आवडतात का विचारत होते.

ग्रोझेव्ह : सरक, मला बघू दे. (बराच वेळ ऐकून) त्सोंकाबाई, जिना चढताना त्रास होतो?

त्सोंका : आठवडाभर होतोय. मध्ये दोनदा टेकावं लागतं. बोलले असते तर घरी बसवलं असतंत. आणि परीक्षा तर वर्षातून एकदाच येते.

ग्रोझेव्ह : हिचं बरोबर आहे. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय. रक्ताची गुठळी होऊन मेंदूत गेली असती. आता औषध आजच सुरू करू.

कालिना : मग मी...

ग्रोझेव्ह : सहापैकी सहा. मी परीक्षेला बसलो असतो तर कागद वाचून नापास झालो असतो.

त्सोंका : म्हणजे माझं उत्तर बदललं.

ग्रोझेव्ह : बदललं. ईसीजीचं यंत्र इथेच आणायला सांगतो. दोघी थांबा.

त्सोंका : ये पोरी, लाव परत. आता कुणाला काही सांगायचं नाहीये. नुसतं ऐक.